मोत्या आणि रायवळाची कोय

माणसाचे मूल नवी वस्तू दिसली की हात पुढे करते. कुत्र्याच्या पिल्लाची सारी चौकशी मात्र तोंडानेच चालते. चप्पल म्हणजे काय, फडके म्हणजे काय, हे त्याला चघळल्यावाचून कळत नाही. त्यातच ते तीन-चार महिन्यांचे झाले की त्याचे २८ दुधाचे दात पडू लागतात आणि हळूहळू ४२ पक्के दात येतात. हिरड्या सारख्या शिवशिवतात. मग चघळायला घेतलेली वस्तू पोटात केव्हा गेली, हे पिल्लाचे पिल्लालाही उमगत नाही.

मोत्या असाच चार महिन्यांचा होता. वैशाखातील दुपार होती. घरात रायवळ आंब्यांची पाटी आली होती आणि मोठी माणसे जेवून पडली होती. धाकटा मुलगा पडवीत आंबा चोखीत बसला होता व मोत्या समोर बसून शेपटी हलवीत होता. कुत्र्याला कोय द्यायची नाही, अशी घरात ताकीद होती. पण त्या दोन डोळ्यांपुढे ती टिकली नाही. मुलाने लहानशी कोय पुढे धरली. मोत्याने ती चाटली, पुन्हा चाटली, मान वर केली आणि कोय नाहीशी झाली! मुलगा घाबरून पाहत राहिला. परंतु मोत्या पूर्ववत शेपटी हलवू लागला, तेव्हा त्याने मनाशी ठरवले की ही गोष्ट कोणाला सांगायला नको.

वस्तू घशात अडकली तर पिल्लू गुदमरते, पंजांनी तोंड ओरबाडते, त्याची जीभ निळी पडू लागते. ते कोणाच्याही ध्यानात येते आणि मग क्षणाचाही विलंब परवडत नाही. पोटात गेलेली वस्तू मात्र गप्प बसते. कोयीसारखा जिन्नस जठरात कित्येक दिवस राहू शकतो आणि पुढे सरकला की अरुंद आतड्यात बुचासारखा बसतो.

दुसऱ्या दिवशी मोत्याने दूध ओकले. तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. पाठीची कमान करून तो कोपऱ्यात बसून राहिला. ऊन लागले असेल, असे समजून वडिलांनी त्याच्यापुढे ताक ठेवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिठाचे पाणी पाजा, सारे बाहेर पडेल." सल्ला मायेचा होता, पण भलताच घातक. रक्तात मीठ फार वाढले तर मेंदूला इजा पोहोचते. ओकारी करवायची की नाही, हे पशुवैद्यानेच ठरवायचे. आणि तेही वस्तू गिळून थोडाच वेळ झाला असेल तर. सुईसारखी टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते, तर घड्याळातील चपटी बॅटरी ती जाळते. पिल्लाच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर हात शिवशिवतात. परंतु तो ओढला की आत गोळा झालेले आतडे कापले जाते. तेथे हात आवरणे हाच उपचार.

त्या रात्री मोत्या कण्हत होता. मुलाला झोप येईना. अखेर तो उठून वडिलांच्या अंथरुणाशी जाऊन उभा राहिला. "बाबा, मी त्याला कोय दिली होती. परवा दुपारी." वडील उठून बसले. ते काय बोलले ते त्या दोघांनाच ठाऊक.

उजाडताच मोत्याला टोपलीत घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टर परळच्या, १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले होते. त्यांनी वडिलांना नव्हे, मुलालाच विचारले, "बाळ, कोय केवढी होती? केव्हा गिळली? शी झाली का?" मुलाने बोटांनी आकार दाखवला. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि जिल्ह्याच्या गावी पाठवले. तेथे मोत्याचे क्ष-किरण चित्र काढले. राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या या किरणांना हाड, खडा, नाणे स्वच्छ दिसते. कापड, रबर किंवा कोय चटकन ओळखू येत नाही. पण काय शोधायचे ते ठाऊक होते. वायूने फुगलेले आतडे दिसले, सोनोग्राफीत अडथळ्याची जागा सापडली आणि दुपारी शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा तेवढा भाग काळवंडू लागला होता. आणखी एक दिवस गेला असता तर निभावणे कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले.

मोत्या चार दिवसांनी घरी आला. पोटाला पट्टी, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून घातलेले नरसाळ्यासारखे कडे. ते दारांना आपटीत तो घरभर हिंडू लागला.

पुढच्या रविवारी पुन्हा आंबे झाले. पाने उचलण्यापूर्वी धाकटा मुलगा बादलीपाशी बसून काहीतरी मोजत होता. आईने विचारले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "आंबे एकवीस होते. कोयी वीसच आहेत." सारे घर उठले. एकविसावी कोय आजोबांच्या ताटाखाली सापडली.