बिनटाक्याची विद्या

खानदेशात, यावल तालुक्यातल्या जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा या वस्त्या सातपुड्याच्या जंगलात आहेत. तिथला म्हातारा मोतीबिंदू दाखवायला खाली येतो, तोवर डोळ्यातलं भिंग पांढरंफटक तरी झालेलं असतं, नाहीतर तपकिरी. हा उशीर अडाणीपणाचा, असं म्हणणं शहरात बसून सोपं आहे. पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, आणि चुलीपासून गोठ्यापर्यंत जाण्यापुरतं दिसतंय तोवर घरात कुणाला घाई नसते. खालच्या केळीच्या पट्ट्यात हाती पैसा बरा, तरी जुनी समजूत तिथेही टिकून आहे: मोतीबिंदू पिकू द्यावा आणि उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये. एके काळी यात तथ्य होतं. अख्खं भिंग काढून टाके घालायचे आणि जाड काचांचा चष्मा द्यायचा, त्या जमान्यातला हा सल्ला. शस्त्रक्रिया बदलली, सल्ला मात्र अजून पारावर बसून आहे.

त्यामुळे खानदेशातल्या सर्जनपुढे येणारा मोतीबिंदू अनेकदा पाठ्यपुस्तकातल्या सोप्या चित्रासारखा नसतो. फेकोचं यंत्र ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतं. छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा. पण गर कडक असला की ऊर्जा जास्त द्यावी लागते, आणि तिचा मार कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्याला हाताची विद्या मानवते. सर्जन तिला 'एसआयसीएस' म्हणतात, रुग्ण म्हणतात 'बिनटाक्याचं ऑपरेशन'.

त्यातली खरी कारागिरी टनेलमध्ये असते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साधारण सहा मिलिमीटरची रेघ ओढायची आणि अर्धचंद्राकृती पातं आडवं सरकवत कॉर्नियात न्यायचं, जणू कांद्याचे दोन पापुद्रे न फाडता वेगळे करायचे आहेत. पातं वरच्या थरातून अंधूक दिसत राहिलं पाहिजे. फार स्पष्ट दिसू लागलं तर छत पातळ झालं, आता भोक पडणार. दिसेनासं झालं तर हात खोल गेला. वेळेआधी आत शिरलात की बुबुळाचा पडदा बाहेर डोकावतो. टनेल नीट जमलं की भिंगाचा गर त्यातून अख्खा बाहेर येतो, कृत्रिम भिंग आत जातं आणि डोळ्याचा स्वतःचा दाबच आतली झडप मिटवतो. म्हणून टाका लागत नाही. सगळ्यात धाकधूक असते ती मागच्या आवरणाची. काही मायक्रॉन जाडीचं ते आवरण फाटलं की थिएटरात एकच वाक्य हळू उमटतं, "पीसी रेंट आहे." मग पुढचा वेळ निस्तरण्यात जातो.

हे पुस्तक वाचून येत नाही. नवा डॉक्टर आधी बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवतो. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी शिकवणारा त्याला एकेक टप्पा हाती देतो: आधी भिंग बसवणं, मग टनेल, गर काढणं सगळ्यात शेवटी. शिकवणाऱ्याची कसोटी याहून अवघड. रुग्ण फक्त भूल दिलेल्या डोळ्यापुरता झोपलेला असतो, कान टक्क जागे. तेव्हा ओरडायची सोय नाही. "छान, आता जरा मी बघतो" एवढ्यावर सूत्रं हाती घ्यावी लागतात, आणि तीही आवरण फाटण्याआधी.

इथे एक बोचरा आक्षेप येतो: गरिबाच्या डोळ्यावर शिकायचं आणि पैसेवाल्याच्या डोळ्यावर कमवायचं. आक्षेप खोटा नाही. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे अंध होती, पण 7.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. म्हणजे उपचारानेच अंध केलेली माणसं. शिबिरांच्या फ्लेक्सवर हा आकडा कधी छापला जात नाही.

या आक्षेपाला महाराष्ट्रातलं सर्वांत चांगलं उत्तर पुण्यातून आलं. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्याच कामाची परीक्षा घेतली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत टाक्यांच्या जुन्या पद्धतीपेक्षा बिनटाक्याच्या पद्धतीने चष्म्याशिवाय बरं दिसू लागलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं: 47.9 टक्के विरुद्ध 37.3. दोन वर्षांनी 400 डोळ्यांवर फेकोशी सामना झाला. चष्म्याशिवाय फेको सरस ठरली, हे त्यांनी झाकलं नाही. मात्र योग्य चष्मा लावल्यावर दोन्ही गटांत 98 टक्क्यांहून अधिक डोळ्यांना 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. आणि फेकोचा खर्च अडीच पटींहून जास्त. नेपाळमध्ये डॉ. संदुक रुइत यांच्या 2007 च्या चाचणीतही असाच कौल मिळाला; तिथे हाताच्या शस्त्रक्रियेला सरासरी नऊ मिनिटं लागली, फेकोला साडेपंधरा.

स्वस्त भिंगाशिवाय ही विद्या लंगडीच राहिली असती. मदुराईला डॉ. व्यंकटस्वामींनी 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केलं, आणि 1992 मध्ये त्यांच्या ऑरोलॅबने भिंगं देशातच बनवायला घेतली. शंभर डॉलरच्या घरातली वस्तू दहाच्या आसपास आली.

खानदेशात याचा धागा नंदुरबारपर्यंत येतो. जुन्या धुळे जिल्ह्यातून 1998 मध्ये वेगळा झालेला हा आदिवासी जिल्हा. देसाई रुग्णालयाशी संबंधित डॉक्टरांनी तिथल्या अंधत्वाची पाहणी केली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्य कारण मोतीबिंदूच, म्हणजे टाळता येण्याजोगं. जळगावात आज कांताई नेत्रालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यातही आहे. शाळेच्या वर्गात टेबलं जोडून शस्त्रक्रिया करायचे दिवस जंतुसंसर्गाच्या अनुभवांनंतर मागे पडले, हे फार बरं झालं. आता तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, हीच रीत.

अडतं ते हातांपाशी. तरुण डॉक्टरांना फेको शिकायची ओढ आहे, कारण शहरातली प्रॅक्टिस त्यावर चालते. त्यांना दोष देता येत नाही. पण पाड्यावरून आलेला तपकिरी मोतीबिंदू टेबलावर असताना ज्याला चांगलं टनेल करता येत नाही, त्याचं शिक्षण अर्धवट आहे, मग त्याच्याकडे यंत्र कितीही महागडं असो.

म्हणून आईवडिलांच्या स्मरणार्थ नेत्रशिबिराला देणगी देणाऱ्या यावल-फैजपूरकडच्या मंडळींना एक विनंती. किती शस्त्रक्रिया केल्या, एवढंच विचारू नका. सहा आठवड्यांनी त्यांतल्या किती जणांना दिसत होतं, ते कागदावर मागा. आणि त्या वर्षी किती नवे डॉक्टर देखरेखीखाली तयार झाले, हेही विचारा. देणगीतला काही भाग त्यांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा.