भरतीची वेळ

जूनमधली भरती. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पाणी दोन-अडीच मीटर चढतं आणि जेकिल बेटाकडे जाणाऱ्या एकुलत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं खाजण बघता बघता भरून येतं. स्पार्टिना गवताचे नुसते शेंडे वर राहतात. अशा वेळी डायमंडबॅक टेरापिन कासवाची मादी पाण्यातून निघून रस्त्याचा भराव चढू लागते. वीतभर पाठ, तिच्या एकेका खवल्यावर खोडातल्यासारखी एकात एक वर्तुळं, राखाडी कातडीवर काळे ठिपके. अंडी घालायला तिला भरतीच्या वर राहणारी कोरडी जमीन हवी असते. या खाजणात तशी जागा फार थोडी; माणसाने घातलेला हा भराव मात्र सलग आणि उंच आहे.

वर गाड्या धावत असतात.

दर हंगामात शंभराहून अधिक माद्या चाकांखाली येतात. बेटावरच्या जॉर्जिया सी टर्टल सेंटरमध्ये जखमींची कवचं सांधतात, मेलेल्यांच्या पोटातली शाबूत अंडी काढून उबवतात. दोनेक महिन्यांनी रुपयाएवढी पिल्लं बाहेर येतात आणि पुढे याच खाजणात सोडली जातात.

हे केंद्र २००७ मध्ये १९०३ च्या जुन्या वीजघरात सुरू झालं. वीजघर बांधलं तेव्हा बेट धनाढ्यांच्या क्लबचं होतं, वीजही त्यांच्यासाठीच; १९४७ मध्ये ते राज्याने घेतलं. आता केंद्रात मुलं काचेला नाक लावून उपचार पाहतात. उन्हाळ्याच्या रात्री किनाऱ्यावर लॉगरहेड समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, त्या उजेडाला बिचकू नयेत म्हणून समुद्राकडचे दिवे झाकायचे, हेही इथेच कळतं. जॉर्जियात २००४ साली लॉगरहेडची घरटी चारशेही नव्हती. २०२२ मध्ये ती चार हजारांवर गेली. कोळंबीच्या जाळ्यांना कासवांसाठी सुटकेची वाट आणि वर्षानुवर्षं राखलेली घरटी, दोन्हींचं हे फळ. ते पाहून ऊर भरून येतो.

तरी खरी शिकवणी रस्त्यावरच होते. कासवं चढण्याच्या वेळांना तिथले इशाऱ्याचे दिवे लुकलुकतात. भरावाच्या कडेला अंड्यांसाठी पेट्या आहेत, रॅकूनपासून राखलेल्या. आणि कासव आडवं आलंच, तर गाडी सुरक्षित थांबवून, मागचा-पुढचा रस्ता पाहून त्याला दोन्ही हातांनी कडेने धरायचं. जिथून आलं तिथे परत नेलं तर ते पुन्हा रस्त्यावर चढतं. म्हणून त्याचं तोंड जिकडे असेल, त्याच बाजूला नेऊन ठेवायचं.