भाताचा पिवळा

गेल्या आश्विनात माझ्या घरी माझी पदावनती झाली. महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकविणारा मी, मुलीच्या हाताखाली मेण ढवळणारा उमेदवार म्हणून रुजू झालो. कन्येने दिवाळीसाठी सुगंधी मेणबत्त्या घरीच करावयाचे मनावर घेतले होते. काही मैत्रिणींना भेट द्यावयाच्या, चार विकावयाच्या, असा बेत. माझी हरकत नव्हती. हरकत होती ती तिच्या आईची. कारण पातेले एकदा मेणाच्या कामी लागले की ते पुन्हा दुधाकडे वळत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

चुलीशेजारच्या भिंतीवर रंगांची एक यादी चिकटवलेली होती. वर शीर्षक, ‘शरदाचे रंग’. खाली भोपळ्याचा नारिंगी, मेपलच्या पानाचा तांबडा, गंजाचा तपकिरी. प्राध्यापकाला चूक दिसली की त्याला राहवत नाही. मी म्हणालो, “पोरी, जासईत मेपल कुठे आहे? आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात. अंगणातला देशी बदाम तांबडा होतो तोही थंडी ओसरता ओसरता. ही यादी परक्या देशाची आहे.”

ढवळणे न थांबविता ती म्हणाली, “मग बाबा, तुम्हीच सांगा, आपला शरद कोणत्या रंगाचा?”

प्रश्न साधा होता; पण मी निरुत्तर झालो. शरदावरची कीट्सची कविता मी इतक्या वर्षांत किती वर्गांना शिकविली असेल, याची गणती नाही. ती त्याने सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टर येथे, कापणी झालेल्या शेतांकडून फिरून आल्यावर लिहिली, हेही मी दरवर्षी सांगत आलो. त्या रात्री पुस्तक उघडून पाहिले, तो तीत गळणाऱ्या तांबड्या पानांचे नावदेखील नाही! आहे ते धान्याचे कोठार, अर्धवट कापलेले शेत, पिकली फळे आणि मधमाश्या. तांबडी पाने माझ्या डोक्यात शिरली होती ती कॅलेंडरांवरून. इंग्रज कवीने आपल्या शिवारातले पीक पाहिले; मी मात्र त्याची कविता वाचून स्वतःच्या शिवाराकडे पाठ फिरविली.

सकाळी मी कन्येला उत्तर दिले, “पिकलेल्या भाताचा पिवळा.”

“कर या मग,” ती म्हणाली, आणि मेणाचे पातेले माझ्याकडे सरकविले.

मेणात रंग मिसळणे हे काम दिसते तितके सोपे नाही. मेण विस्तवावर थेट ठेवावयाचे नसते. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून ते हळूहळू वितळवावे लागते. आमचा पहिला प्रयोग मिठाईत घालतात त्या पिवळ्या रंगाचा. तो पाण्यात विरघळणारा, आणि मेण म्हणजे तेलाचे भावंड. दोघांचे जमावे कसे? रंग तळाशी थेंबाथेंबाने रुसून बसला. मग रंगखडू किसून घातले. रंग सुरेख उतरला, पण खडूतील भुकटी विरघळत नाही, नुसती तरंगते. ती वातीत शिरली, वातीचा गळा धरला आणि ज्योत गुदमरून विझली. अखेर तेलात विरघळणारे रंग आणले. ते इतके जहाल की गव्हाच्या दाण्याएवढी पूड अर्धा किलो मेणाला पुरते.

पुढे खरी शाळा सुरू झाली. पिवळ्यात तांबड्याचा कण पडला की नारिंगी. त्याला काळ्याचा नुसता स्पर्श झाला की गंज. पिवळ्यात एकटा काळा घातला तर, नवल असे की, शेवाळी हिरवा होतो. अशी एक हिरवी मेणबत्ती चुकून झाली, ती फळीवर टाकून दिली. तीन रंगांनी जे साधत नाही ते चौथ्याने साधेल असे वाटते, आणि चौथा घातला की सगळ्यांचा चिखल होतो. शिवाय पातळ मेणात रंग गडद दिसतो, गोठल्यावर फिका पडतो. म्हणून बशीत एक थेंब टाकून तो गोठेपर्यंत स्वस्थ बसावयाचे. इतक्या वयानंतरही हे स्वस्थ बसणे मला शिकावे लागले.

नमुना तरी कोणता घ्यावा? माझ्या लहानपणी जासईच्या माणसाला हा प्रश्न पडला नसता. घराच्या मागल्या दारापासून खाडीच्या बांधापर्यंत भातच भात असे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या जातींना या किनाऱ्यावर काळा रता, भुरा रता अशी नावे होती. शेतकरी पिकालासुद्धा रंगावरून हाक मारीत. १९७० साली खाडीच्या या बाजूला नवे शहर वसवावयाचे ठरले. जमिनी संपादन होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी याच गावचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पाच शेतकरी गोळीबारात पडले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. मी तेव्हा शाळकरी होतो. त्या दोन दिवसांत आईने चूल पेटविली नाही एवढेच मला आठवते. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. आमचेही शेत गेले. त्याच्या मोबदल्यातच माझे शिक्षण झाले, हे मी विसरलेलो नाही. कीट्स मला त्या भातानेच मिळवून दिला. आज गच्चीवर उभे राहिले की तांबडे, निळे, गंजलेले कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात. परदेशी शरदाचे सगळे रंग तिथे आहेत, पिवळा नाही.

उरण तालुक्यातील भात अगदीच संपलेला नाही. दसऱ्याच्या तोरणात अजून लोंब्या ओवतात. तशी एक लोंबी मी मेजावर ठेवली आणि तिच्या बरोबरीने थेंब थेंब जुळवीत तीन रात्री घालविल्या. चौथ्या दिवशी मेण आणि लोंबी यांत वेगळे काही उरले नाही. वास म्हणून कन्येने व्हॅनिला घातला, शंभर ग्रॅमला सात ग्रॅम या हिशेबाने. मी ती मेणबत्ती विजयी मुद्रेने आईपुढे ठेवली.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू श्रावणात काढला होता. दुसऱ्याचा दिवाळीनंतर काढावयाचा होता. तिने मेणबत्ती हातात फिरविली, एक डोळा झाकून पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली.

“पिवला हाय, पन भाताचा नाय,” ती म्हणाली. “यो पेंढ्याचा.”

चार दिवसांत तर मेणबत्ती आणखी तपकिरी पडली आणि ती खरोखरच पेंढ्याची झाली. तो व्हॅनिलाचा गुण. त्यातले व्हॅनिलिन मेणाला हळूहळू तपकिरी करते. पण चूक केवळ वासाची नव्हती. लोंबीशी तंतोतंत जुळलेला रंग आईने का नाकारावा?

याचे उत्तर मला शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे सापडले. मेणबत्त्यांचे आणि रंगांचे शास्त्र या एकाच माणसाच्या ऋणात आहे. चरबीतून स्टिअरिक आम्ल वेगळे करून त्याने चांगल्या मेणबत्तीचा मार्ग दाखविला, आणि पॅरिसच्या गोबलँ विणशाळेत रंगविभागाचा तो प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासले तो रंगात दोष नव्हता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. कोणताही रंग एकटा नसतो, त्याचा शेजार त्याला बदलतो, हा सिद्धांत त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मेजावरची लोंबी एकटी होती. शेतातल्या भाताला बांधावरच्या गवताचा हिरवा शेजार असे, खाडीचा निळा असे. आमचा हळवा भात पिकून पिवळा झाला तरी पलीकडचा गरवा अजून हिरवाच असे. शेत विकले गेले तेव्हा हा शेजारही गेला होता.

मी पुन्हा मेण घेतले. रंग किंचित उजळ केला, व्हॅनिला वगळून वाळा घातला, आणि फळीवर टाकून दिलेली ती चुकीची हिरवी मेणबत्ती शेजारी ठेवली. आईने पुन्हा डोळे आळीपाळीने झाकले. मोतीबिंदूचा डोळा सगळेच पिवळट दाखवितो, हे मला ठाऊक होते; म्हणून त्याच्या निकालावर माझा विश्वास नव्हता. तो झाकून, नव्या डोळ्याने ती बराच वेळ पाहत राहिली.

“आता झाला,” ती म्हणाली. “हलव्याचा. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यातला.”

माझ्या मनात आले, शस्त्रक्रियेने हिला विशीतली नजर परत दिली. त्या नजरेने पाहावयाचे शेत मात्र कोणाला परत देता येत नाही. हे मी बोललो नाही. तिला ते माझ्याहून अधिक कळत असावे.

दिवाळीच्या संध्याकाळी एक अडचण उभी राहिली. कन्येला ती पिवळी मेणबत्ती लावावीशी वाटेना. पुन्हा तसा रंग जमेल की नाही कोण जाणे. शिवाय आजीने ओळखलेला रंग, तो जाळावयाचा कसा? मलाही तेच वाटत होते. काचेच्या कपाटात ती कशी ठेवता येईल याची आम्ही बापलेक चर्चा करू लागलो. आई दारात बसून ऐकत होती.

“भात काय बगत बसाला लावतात?” ती म्हणाली. “पिकला का कापाचा. लाव, बाला.”

कन्येने काडी ओढली.