भूक हेच तोंडीलावणे

कोरियन भाषेत शिजलेल्या भाताला 'बाप' म्हणतात. शब्दारंभीचे व्यंजन प आणि ब यांच्या मध्ये कुठेतरी पडत असल्यामुळे काहींच्या तोंडून तो 'पाप' असाही ऐकू येतो. मराठी कानाला दोन्ही पर्याय सारखेच अडचणीचे! त्यामुळे 'बाप मॉगॉस्सॉयो?', म्हणजे 'भात खाल्लात का?', हे कोरियातले नित्याचे क्षेमकुशल उच्चारताना सुरुवातीचे काही आठवडे आम्हां दोघींना हसू आवरत नसे. आम्ही दोघीही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गातल्या मुली मागच्या बाकांवर आपसांत कोरियन मालिकांमधले शब्द पेरू लागल्या, तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, या कुतूहलापोटी आम्ही ही भाषा शिकायला घेतली. व्याकरणाची तयारी ठेवली होती. वाटेत स्वयंपाकघर लागेल असे मात्र वाटले नव्हते.

'बाप' म्हणजे भात आणि 'बाप' म्हणजेच जेवण. शेतात उभे असते ते 'ब्यो', सडून निघतो तो 'साल' आणि शिजतो तो 'बाप'. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे आपल्यालाही साळ, तांदूळ आणि भात असे तीन शब्द लागतात. ज्यांच्या पोटाचा प्रश्न एखाद्या धान्याशी बांधलेला असतो, त्यांना त्याच्या प्रत्येक अवस्थेला वेगळे नाव द्यावे लागते. पुन्हा, हा 'बाप' वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात आला की 'चिंजी' होतो आणि राजाच्या ताटात पडला की 'सुरा'. (आपल्या सुरेशी त्याचा काही संबंध नाही.) क्रियापदही बदलते. आपणही मुलाला 'गिळ आता' म्हणतो, पाहुण्याला 'जेवून घ्या' म्हणतो आणि देवाला नैवेद्य दाखवतो. कोण खातो आहे, यावर खाण्याचे नाव ठरते.

कोरियन क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे आम्हांला आधीच ठाऊक होते. नवल वाटले ते संयुक्त क्रियापदांचे. 'मॉगॉ बोदा' म्हणजे शब्दशः 'खाऊन बघणे'. 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे 'खाऊन टाकणे'. यातल्या 'बॉरिदा'चा मूळ अर्थ फेकणे, टाकणे असाच आहे. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला ज्यासाठी टिपणे काढावी लागतात, ते आम्हांला माजघरातूनच ठाऊक होते. या दोन भाषांचे कुळ एक नाही. तरीही चव घेण्याला 'बघणे' आणि संपवण्याला 'टाकणे' म्हणावे, हे दोघींनाही सुचले.

वाक्प्रचारांकडे वळल्यावर तर घरीच आल्यासारखे वाटले. कोरियन माणूस शिव्या 'खातो', लाच 'खातो', आपणही खातो. तो भीती 'खातो', आपण हाय खातो. उन्हाळ्यात तो उष्मा 'खातो'; आपल्याला मात्र ऊन 'लागते'. तो वयही खातो. चांद्र नववर्षाच्या दिवशी तांदळाच्या वड्यांचे सूप, 'त्तॉक्कुक', प्यायले की वय एक वर्षाने वाढते, असा तिकडचा संकेत. त्यामुळे आपले मोठेपण सांगताना ते म्हणतात, 'मी तुझ्यापेक्षा त्तॉक्कुकचे चार वाडगे जास्त खाल्लेत.' कोरियन पद्धतीने वय मोजण्याची कायद्यातली आणि सरकारी कामातली रीत दक्षिण कोरियाने जून २०२३ मध्ये बंद केली. वाडगे कायम आहेत. आपण मात्र चार पावसाळे जास्त 'पाहिलेले' असतात. कोरडवाहू मुलखात वय मोजायचे तर ते आभाळाकडे पाहूनच!

सर्वांत रेंगाळलो ते 'मन खाणे' या प्रयोगापाशी. 'माउम मॉक्ता' म्हणजे मन खाणे, अर्थात निश्चय करणे. तिकडे माणूस मन खातो आणि कामाला लागतो. आपल्याकडे 'मन खाते' ते माणसालाच, आणि तेही बहुधा काम करून झाल्यावर. कर्ता आणि कर्म यांची एवढी अदलाबदल झाली आणि संकल्पाचा पश्चात्ताप झाला. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात 'मन खाणे : अपराधी वाटणे' असे फळ्यावर लिहीत आलो आहोत, त्या वाक्यात जेवणारा कोण आणि जेवण कोणाचे, हे तोवर कधी डोळ्यांपुढे आले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी आपण हातावर दही घालतो. तिकडे त्या दिवशी 'मियॉक्कुक' म्हणजे समुद्रशेवाळाचे सूप टाळतात, कारण शेवाळ निसरडे आणि 'शेवाळाचे सूप खाणे' म्हणजे नापास होणे. त्याऐवजी चिकट मिठाई देतात, कारण 'चिकटणे' आणि 'उत्तीर्ण होणे' यांना क्रियापद एकच. वास्तविक हेच सूप बाळंतिणीला देतात आणि दर वाढदिवसाला करतात. जन्माला जे शुभ, ते परीक्षेला अशुभ. परीक्षक या नात्याने यावर आम्ही अधिक बोलू नये, हे बरे.

असो. म्हणींमध्ये 'कुमगांग पर्वतही जेवणानंतरच पाहावा' ही सर्वपरिचित. आपल्या 'आधी पोटोबा मग विठोबा'ची ती सख्खी बहीण शोभते. फरक इतकाच की, आपण पोटासमोर देव उभा केला, त्यांनी निसर्ग. हा पर्वत आज उत्तर कोरियात आहे. १९९८ पासून दक्षिणेतल्या पर्यटकांना तिथे जाता येत होते. २००८ मध्ये त्यांच्यातील एका स्त्रीला सैनिकाची गोळी लागली आणि तो मार्ग बंद झाला. म्हणजे सोलमधल्या आजच्या मुलाला या म्हणीतले जेवण मिळते, पर्वत नाही. म्हण मात्र फाळणीच्या दोन्ही बाजूंना आपली जुनीच भूमी धरून आहे.

'भूक हेच तोंडीलावणे' ही आणखी एक. इथे आम्हांला 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' आठवली. वर्गात ती सांगितली, तेव्हा कोंडा म्हणजे केसांतला कोंडा असे समजून मुले हसली. धान्याचा कोंडा माणसांनी खाल्ला होता, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो हे शब्द आम्ही आमच्या आईवडिलांच्या तोंडून ऐकले. मुलांनी तेही ऐकलेले नाहीत. कोरियनमध्ये 'बोरित्कोगे' असा शब्द आहे : जवाचा घाट. शरदातला तांदूळ संपलेला आणि जव अजून हिरवा, असे वसंतातले उपासमारीचे दिवस म्हणजे हा घाट. ऐन फुलांच्या ऋतूतली ही चढण १९६० च्या दशकापर्यंत गावोगावच्या ओळखीची होती. 'घसा म्हणजे पोदोछॉङ' अशीही एक म्हण आहे. पोदोछॉङ ही जुन्या राजवटीतली चोरांना धरणारी कचेरी. जिच्या नावाने लोक कापत, तिच्याइतकाच दरारा घशाचा. तो हुकूम सोडेल ते करावे लागते. भुकेसाठी माणसाने काय काय केले असेल, याची कबुली त्या चार शब्दांत आहे.

शेवटी 'शिक्कू' या शब्दाविषयी. कुटुंबातील माणसे असा त्याचा अर्थ. घटक दोन, 'खाणे' आणि 'तोंड'. म्हणजे आपली 'खाणारी तोंडे'! पण आपण हे शब्द उच्चारतो तेव्हा सुरात मोजदाद असते : कमावता एक आणि खाणारी तोंडे सात. त्या सातांत बहुधा मुली असतात, म्हातारी माणसे असतात आणि रांधणारी स्वतःही असते. कोरियनमध्ये याच शब्दांतून माया व्यक्त होते. सोबत काम करणाऱ्यांनाही लोक 'शिक्कू' म्हणतात. मात्र त्या भाषेला निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. 'एक तोंड कमी करणे' हा प्रयोगही तिच्यातच आहे. घरात पुरत नाही म्हणून मुलीला लहानपणी उजवून टाकायचे किंवा कुणाकडे कामाला ठेवायचे, त्याला हे म्हणत. एकाच तोंडाला भाषा कधी घरचे माणूस म्हणते, कधी ओझे. आणि हे ठरते ते भांड्यात भात किती आहे यावर.

आता त्याच भाषेने 'होनबाप' हा शब्द घडवला आहे : एकट्याने जेवणे. पडद्यावर दुसऱ्याला जेवताना पाहण्याचा 'मॉकबांग' तर आमच्या विद्यार्थिनींनाही तोंडपाठ आहे. त्यांना तो कळतो. कोंडा कळत नाही. याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला दोन गुण असतात आणि त्या दोन गुणांत कोंडा कुणी खाल्ला, हे सांगायला जागा नसते. यंदा आम्ही तो प्रश्न वर्गात थोडा बदलून दिला. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायचे, की तुमच्या लहानपणी घरात खाणारी तोंडे किती होती आणि सर्वांत शेवटी कोण जेवायचे. उत्तरे यायला सुरुवात झाली आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आजवर एकाही पुरुषाचे नाव आलेले नाही.