सातचा आकडा

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं की तक्रार बहुधा ठरलेली असते: ‘मीटर थरथरतंय.’ ६.८ दाखवतं, लगेच ७.२. हंगामात हे परवडत नाही. गंधकाचा धूर आणि चुना देऊन निवळलेल्या रसाचा सामू सातच्या आसपास राखावा लागतो. तो घसरला तर साखर फुटते आणि दाणा न होता मळीत जाते. चढला तर रस काळवंडतो.

सगळ्यांचा पहिला संशय मीटरवर. मी आधी इलेक्ट्रोड हातात घेतो. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या एका अंकामागे मिळतात जेमतेम ५९ मिलिव्होल्ट, तेही शेकडो मेगाओहम रोध असलेल्या काचेच्या पडद्यातून. कनेक्टरवर बोटाचा घाम लागला तरी तेवढी गळती आकडा हलवायला पुरते. तो स्पिरिटने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, केबल हलणार नाही अशी ठेवायची.

तरीही आकडा भरकटला तर दोष बहुतेक वेळा संदर्भ इलेक्ट्रोडचा. त्याच्या तळाशी सिरॅमिकचा बारीक ठिपका असतो. त्यातून आतलं पोटॅशियम क्लोराइड सतत, नजरेला दिसणार नाही इतकं, झिरपत राहिलं पाहिजे. पोटॅशियम आणि क्लोराइड हे आयन जवळपास सारख्याच वेगाने सरकतात, म्हणून त्या जागी उपरं व्होल्टेज फारसं साचत नाही. रसातला चुना ठिपक्यावर बसला की झिरपणं बंद आणि थरथर सुरू. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवायचं, धुवायचं, आतलं द्रावण बदलायचं. मोजताना भरायच्या भोकाचं रबरी बूच उघडं हवं आणि आतली पातळी नमुन्यापेक्षा वर. आणि रात्री ‘स्वच्छ राहावा’ म्हणून इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचा नाही. तिथे त्याचे क्षारच निघून जातात.

पण मला थरथरणाऱ्या मीटरपेक्षा जास्त धास्ती वाटते ती अजिबात न हलणाऱ्याची. काचेचा फुगा तडकला की आतबाहेर एकच द्रावण होतं, फरक शून्याजवळ येतो आणि मीटर दाखवतं सात. म्हणजे रसाला हवा नेमका तोच आकडा. लॉगबुकात सगळी पाळी सात-सात लिहिलं जातं आणि कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून आकडा थांबला तरी मी लगेच पेटी आवरत नाही. आधी ४ चा बफर, म्हणजे सामू ठाऊक असलेलं द्रावण, मग ९.२ चा. दोन्हीत सातच आला, तर तो इलेक्ट्रोड कितीही स्थिर असो, बदलायचा.