भर उन्हातला रिले

कपाशीची फवारणी जोरात आली की माझ्या टेबलावर पाठीवरच्या बॅटरी पंपांची रांग लागते. अंबड-घनसावंगीकडचे मोसंबीवाले बहुधा डबल मोटरचा पंप आणतात. तक्रार ठरलेली : "भाऊ, मोटर मधेच बंद पडते." मोटर धडधाकट असते, जळालेला असतो प्रेशर स्विच. गनचा खटका सोडला की दाब चढून मोटर थांबते, दाबला की पुन्हा सुरू. एका तासात हे किती वेळा होतं, कोण मोजतो! आणि मोटरचा सगळा करंट त्या इवल्याशा स्विचमधून. म्हणून मी मधे रिले घालतो; स्विचवर मग फक्त कॉइलचा भार राहतो.

रिले म्हटलं की गिऱ्हाईक एकच विचारतं, किती अँपिअरचा? छोट्या चौकोनी रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं, पण तो आकडा एसीचा. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपसूक विझते. डीसीत तशी सवड नाही. त्यात चालताना ३ अँपिअर घेणारी मोटर उभी असताना पाच-सहा पट ओढू शकते. खराब झालेला रिले फोडून पाहा : एका पॉइंटवर खड्डा, समोरच्यावर टेंगूळ. धातू एकाच दिशेनं वाहत गेलेला. मी म्हणून हॉर्नला लागतो तसला गाडीचा ३० अँपिअरचा रिले घेतो. त्याची कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते, चौकोनी रिले तीसच. बॅटरीवर तेवढा बोजा पडतो, पण पॉइंट चिकटून मोटर थांबेनाशी होण्यापेक्षा तो परवडला.

खरी पारख मात्र कॉइलची. १२ व्होल्टचा रिले साधारण ९ व्होल्टला ओढतो, पण कॅटलॉगमधला हा आकडा थंड कॉइलचा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात, बंद पेटीत, कॉइल ४० अंशांनी जास्त तापली की तेच ९ चे साडेदहाच्या जवळ जातात. तिकडे दुपारपर्यंत दमलेली बॅटरी मोटर सुरू होताना दहावर घसरते. मग कॉइल अर्धवट ओढते, पॉइंट थरथरत टेकतात आणि तेवढ्यात चिकटतात. त्यामुळे भरलेल्या बॅटरीवर रिले तपासण्यात मला अर्थ वाटत नाही. बराच वेळ चालू ठेवून तापवायचा आणि मग सप्लाय दहावर आणून पाहायचं, नीट खटकन ओढतो का.

डायोड दोन लावतो, एक कॉइलला आणि एक मोटरला, पट्टीची बाजू प्लसकडे. मोटर उलटसुलट फिरवायची असेल तर मोटरवरचा चालत नाही. रिलेची जागा बॅटरीशेजारी, वर, पाय खाली करून. टाकीच्या बुडाशी औषध झिरपतं आणि पहिल्यांदा पिनाच खातं.