पार्वतीच्या खोऱ्यात

आमच्या दहावीच्या तुकडीतील एक मित्र हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यात बेपत्ता झाला. अशोक विजयादशमीस दीक्षाभूमीवर भेटण्याचे त्याने आम्हां तिघांना कळविले होते. तो आला नाही; दूरध्वनीही बंद. त्याच्या आईने पोलिसांत तक्रार नोंदविली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दिल्लीच्या गाडीत बसलो.

रात्रभराच्या बसप्रवासानंतर भुंतरला उतरलो. येथे पार्वती बियास नदीला मिळते. आपला दसरा संपतो तेव्हा कुल्लूचा सुरू होतो. गावोगावचे देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानात जमले होते. पण हाच काळ भांगेच्या हंगामाचाही. शेंडे तळहातांवर चोळून चरस काढतात, आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने तो गुन्हा असल्यामुळे पोलिसांची पथके याच सुमारास उभे पीक तोडायला येतात. अशा दिवसांत छायाचित्र घेऊन फिरणारी तीन परकी माणसे कोणास काय वाटणार? कसोल, मणिकर्ण, बरशैणी, तोष, सर्वत्र एकच उत्तर, ‘नहीं देखा’. अनेकांनी तर ते छायाचित्राकडे न पाहताच दिले. १९९० नंतर या खोऱ्यातून कितीतरी प्रवासी नाहीसे झाले आहेत; काहींचा मागमूसही लागलेला नाही. आमच्यातील एक जण संतापून म्हणाला, “हे सगळे सामील आहेत.”

पुलगा गावी एका वृद्धेच्या ओट्यावर टेकलो. आम्हांला पाहताच तिने आपले काळवंडलेले तळहात पट्टूखाली घेतले. “फोटो नंतर, आधी चहा प्या बेटा,” ती हिंदीत म्हणाली. चहा झाल्यावर आपण होऊन बोलू लागली. राजमा घरापुरता, मक्याला भाव नाही. मुलीच्या कॉलेजची फी याच हातांनी भरली. आम्ही तिघेही गप्प झालो. आमच्यापैकी दोघांच्या आया विड्या वळीत. शाळेत रोज पहाटे आम्ही पाचवे शील म्हणत असू आणि वसतिगृहाचे पैसे तंबाखूच्या त्या सुपातून येत असत. (गुरुजींनी याविषयी कधी एका शब्दाने कोणाच्या आईला दुखविले नाही.)

मग तिने छायाचित्र मागून घेतले. “लंगडा लडका,” ती लगेच म्हणाली. तो वरच्या वाडीत आठ दिवस राहिला होता. नातवाला पाढे शिकवी. मंतलाई सरोवर पाहून चार दिवसांत परततो, असे सांगून खीरगंगेच्या वाटेने एकटाच निघाला. तिने मुक्कामाच्या जागेची वही आणवली. तेच उजवीकडे झुकलेले अक्षर! पत्त्याच्या रकान्यात त्याने घर नव्हे, आपले वसतिगृह लिहिले होते.

तिने गावातील दोन तरुण आमच्यासोबत दिले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. खीरगंगेच्या पुढे टुंडा भुजपर्यंत गेलो. प्रत्येक मेंढपाळाला विचारले, नदीकाठची प्रत्येक घळ पाहिली. तिसऱ्या दिवशी बर्फ पडू लागले आणि त्या तरुणांनी आम्हांला बळेच मागे फिरविले. वहीतील पानाचे छायाचित्र आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे दिले आहे.

त्याची आई अजून दर रविवारी दूरध्वनी करते. उंची मध्यम, डावा पाय किंचित ओढून चालतो, डाव्या भुवईवर कबड्डीत पडल्याची खूण. हिमाचलात जाणे-येणे असणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्याचे छायाचित्र स्मरणिका समितीकडून अवश्य मागून घ्यावे. बर्फ वितळल्यावर, जूनमध्ये, आम्ही पुन्हा निघत आहोत. अम्माने ते दोन तरुण तेव्हाही देऊ केले आहेत.